जखम भरली, आग विझली नाही : त्वचा, मज्जातंतू आणि वेदनेच्या साक्षीचा इतिहास

१/
जुलै १८६३. पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग गावाच्या परिसरात तीन दिवस चाललेली लढाई संपली आणि अमेरिकी यादवी युद्धातील हजारो जखमी सैनिक रुग्णालयांच्या वाटेला लागले. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यापैकी काहींच्या बाबतीत डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट आढळू लागली. गोळीची जखम भरून आली होती. वरून पाहता हात जागेवर होता, पाय जागेवर होता. तरीही तळहाताची किंवा तळपायाची अशी आगआग होत होती की हे सैनिक रात्रंदिवस ओले फडके गुंडाळून बसत.
#थ्रेड

२/
जे काही जखमी झाले होते ते तर बरे झाले. मग दुखत काय होते? आणि दुखते आहे हे खरे कशावरून? पहिला प्रश्न शरीरशास्त्राचा आहे, दुसरा विश्वासाचा. या विषयाच्या इतिहासात हे दोन्ही प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एक सोडवताना दुसरा आपोआप हलतो.

३/
त्या काळच्या वैद्यकात वेदनेचे जे चित्र रूढ होते त्याचा गाभा दोनशे वर्षे जुना होता. फ्रेंच तत्त्वज्ञ रने देकार्त याचा मानवी शरीरावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६२ मध्ये लॅटिनमध्ये आणि १६६४ मध्ये फ्रेंचमध्ये, प्रसिद्ध झाला. त्यातील एक आकृती आजही पाठ्यपुस्तकांत दिसते : एक माणूस, त्याच्या पावलाजवळ विस्तव, आणि पावलापासून मेंदूपर्यंत गेलेला एक बारीक धागा. विस्तवाची झळ लागली की धागा ओढला जातो आणि दोरी ओढल्यावर घंटा वाजावी तशी वर मेंदूत वेदना उमटते. मराठीत तळपायाची आग मस्तकात जाते ती संतापाने. देकार्तने ती अक्षरशः काढून दाखवली.

४/
पुढे सूक्ष्मदर्शक आला आणि त्वचेखालची दुनिया उलगडत गेली. पाचिनी, माइसनर, मेर्केल यांची नावे मिरवणारी मज्जातंतूंची इवलीइवली टोके एकोणिसाव्या शतकात एकामागून एक सापडली. पण चित्राचा गाभा बदलला नाही. दोरी ओढल्याशिवाय घंटा वाजत नाही, म्हणजे इजेशिवाय वेदना नाही. आता इजा दिसत नसताना कोणी दुखते म्हणत असेल, तर या चित्रात त्याला दोनच जागा उरतात : तो खोटे बोलतो आहे किंवा भ्रमात आहे.

५/
गेटिसबर्गच्या सुमारास फिलाडेल्फिया शहराच्या कडेला टर्नर्स लेन येथे केवळ मज्जातंतूंच्या इजांसाठी एक लष्करी रुग्णालय उभे राहिले. खाटा ४००. लष्कराचे सर्जन-जनरल विल्यम हॅमंड यांनी त्याची सूत्रे आपले स्नेही सायलस वेअर मिचेल यांच्याकडे दिली. मिचेल तेव्हा पस्तिशीच्या आत होते. सोबत जॉर्ज मोरहाउस आणि तरुण विल्यम कीन. (हेच कीन पुढे नामांकित शल्यविशारद झाले आणि १८९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंड यांच्यावर एका नौकेत गुपचूप झालेल्या शस्त्रक्रियेत सहभागी होते. तो वेगळ्या थ्रेडचा विषय आहे.)

६/
एरवी एखाद्या डॉक्टरला आयुष्यात मज्जातंतूच्या इजेचे मोजके रुग्ण दिसत. इथे ते ओळीने खाटांवर होते. याचे एक कारण त्या युद्धातली मिनिए गोळी. मऊ शिशाची ही निमुळती गोळी हाडाचा चुरा करी, मांस फाडी आणि वाटेत येणारा मज्जातंतू कधी पूर्ण तोडी, तर कधी अर्धवट चिरडून सोडून देई. घोळ या अर्धवट चिरडण्यात होता. मज्जातंतू साफ तुटला तर त्याच्या हद्दीतली त्वचा बधिर होते. अर्धवट दुखावला तर काही रुग्णांत तीच त्वचा पेटते.

७/
मिचेल आणि सहकाऱ्यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात या पेटण्याची वर्णने आहेत, आणि ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. हे रुग्ण पाण्याची बाटली आणि स्पंज जवळ बाळगत. कोरडेपणा त्यांना सहन होत नसे. काही जण चालताना घर्षण होऊ नये म्हणून बुटात पाणी ओतून घेत. वर्तमानपत्राचा खडखडाट, वाऱ्याची झुळूक, वॉर्डात कोणाचे तरी पाऊल, बाहेर वाजणारा लष्करी बँड, एवढ्यानेही वेदना उसळे. मॉर्फिनची इंजेक्शने हा तिथला रोजचा क्रम होता.

८/
या वेदनेला पुढे १८६७ मध्ये नाव मिळाले : कॉझाल्जिया. ग्रीक भाषेतील दाह आणि वेदना या दोन शब्दांची ही जोडणी. मिचेल यांना ती त्यांचे ज्येष्ठ स्नेही आणि वैद्यकीय कोशकार रॉब्ली डंग्लिसन यांनी सुचवली.

९/
विश्वासाच्या प्रश्नाचे काय झाले? याच तीन डॉक्टरांनी त्याच १८६४ साली आणखी एक लेख लिहिला आणि तो सैनिकांच्या सोंगांविषयी होता! युद्धातून सुटका व्हावी म्हणून लुळेपणाचे, आंधळेपणाचे, आकडीचे सोंग घेणारे सैनिक कसे ओळखावेत, याची ती पद्धतशीर चर्चा आहे. एक उपाय ईथरचा. रुग्णाला भूल द्यायची आणि शुद्धीवर येताना ‘लुळा’ हात हलतो का ते पाहायचे. म्हणजे टर्नर्स लेनचे डॉक्टर भाबडे नव्हते. त्यांचा अर्धा दिवस संशय घेण्यात जात होता.

१०/
मग जळजळणाऱ्या हाताच्या सैनिकांवर त्यांनी विश्वास का ठेवला? कारण त्वचा साक्षीला उभी राहिली. दुखऱ्या हाताची कातडी तांबूस, गुळगुळीत, रोगण लावल्यासारखी चकचकीत होई. लव झडे, नखे वाकत. हे सोंग घेता येत नाही. मिचेल यांनी अनुमान काढले की जखमेच्या जागी डिवचलेला मज्जातंतू आपल्या हद्दीतल्या त्वचेचे पोषण आणि रक्ताभिसरण बिघडवतो, आणि हा बिघाड स्वतःच वेदना निर्माण करत असावा. देकार्तच्या दोरीत निरोप एकाच दिशेने जात होता. इथे प्रथमच तो उलटाही येताना दिसला : मज्जातंतूकडून त्वचेकडे.

११/
पण साक्षीदार लागला, हे विसरता येत नाही. मिचेल यांनीच लिहून ठेवले आहे की दीर्घ वेदनेने शूर सैनिक भित्रा होतो आणि दणकट पुरुषाची अवस्था एखाद्या उन्मादी मुलीहून फारशी वेगळी राहत नाही. सैनिकासाठी ही करुणा आहे; त्या मुलीच्या वाट्याला मात्र ती आली नाही. युद्धानंतर मिचेल अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध मज्जातंतुतज्ज्ञ झाले आणि थकवा, वेदना, अस्वस्थता घेऊन येणाऱ्या स्त्रियांसाठी त्यांनी सक्तीच्या विश्रांतीचा उपचार रूढ केला. अंथरूण, भरपूर खाणे, वाचन-लेखन बंद. १८८७ मध्ये हा उपचार घेतलेल्या शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ ही कथा १८९२ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नवऱ्याच्या देखरेखीखाली एका खोलीत विश्रांती घेता घेता वेड्या होत जाणाऱ्या बाईची ती गोष्ट आहे. त्या बायकांच्या त्वचेवर काहीच दिसत नव्हते.

१२/
टर्नर्स लेनने देकार्तच्या चित्राला आणखी एक तडा दिला. हात किंवा पाय कापून टाकलेल्या अनेक सैनिकांना तो अवयव जाणवत राही, आणि पुष्कळदा दुखतही राही. इथे तर त्वचाच शिल्लक नव्हती. मिचेल यांनी आधी हा विषय कथेत घातला. जुलै १८६६ च्या ‘अटलांटिक मंथली’त त्यांनी निनावी छापलेल्या कथेचा नायक जॉर्ज डेडलो युद्धात चारही अवयव गमावतो. वाचकांना तो खराच वाटला आणि काहींनी त्याच्यासाठी पैसेही गोळा केले. वेदना खरी आहे हे पटवायला सैनिकांना रोग्याच्या खाटेवर महिने काढावे लागत होते. काल्पनिक माणसाचे काम एका अंकात झाले. ‘छाया-अवयव’ ही संज्ञा मिचेल यांनी १८७१ मध्ये वापरली.

१३/
दरम्यान युरोपातील प्रयोगशाळांत त्वचेची मोजणी सुरू झाली होती. १८८० च्या दशकात स्वीडनचे ब्लिक्स, जर्मनीचे गोल्डशायडर आणि अमेरिकेचे डोनाल्डसन यांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सापडली : त्वचा सर्वत्र सारखी संवेदनशील नसते. तिच्यावर बारीक ठिपके असतात. एका ठिपक्यावर थंड टोक टेकवले तर गारवा कळतो, शेजारच्यावर कळत नाही. माक्स फॉन फ्राय यांनी काडीला वेगवेगळ्या जाडीचे केस लावून दाबाचे मोजमाप केले आणि १८९० च्या दशकात स्पर्श, ऊब, गारवा आणि वेदना अशा चार संवेदना ठरवून प्रत्येकीला त्वचेतील एकेक टोक नेमून दिले. वेदनेच्या वाट्याला मज्जातंतूंची उघडी टोके आली. हे वाटप अर्धे अंदाजाचे होते, पण वेदनेपुरते त्यातले बरेच टिकले.

१४/
लंडनचे डॉक्टर हेन्री हेड यांना मात्र वेगळी अडचण होती. मज्जातंतू तुटलेले रुग्ण त्यांच्याकडे पुष्कळ येत, पण आपल्याला नेमके काय जाणवते हे त्या रुग्णांना बारकाईने सांगता येत नाही, अशी हेड यांची तक्रार होती. रुग्णाच्या शब्दावर भिस्त ठेवता येत नाही, म्हणून डॉक्टरने काय करावे? २५ एप्रिल १९०३ रोजी त्यांनी स्वतःच्याच डाव्या हाताचा, त्वचेला संवेदना पुरवणारा मज्जातंतू शल्यविशारदांकडून कोपराजवळ कापून घेतला. तुटलेली टोके रेशमी धाग्याने पुन्हा जोडण्यात आली. आता फक्त तो मज्जातंतू पुन्हा वाढताना काय काय जाणवते ते पाहायचे होते.

१५/
पाहणारे होते केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातील विल्यम रिव्हर्स. हे गृहस्थ नुकतेच निलगिरीत तोडा लोकांचा अभ्यास करून परतले होते. मानववंशशास्त्रात त्यांचा १९०६ चा तोडांवरील ग्रंथ प्रसिद्ध आहे, आणि पहिल्या महायुद्धात मानसिक धक्का बसलेल्या सैनिकांवर उपचार करणारे रिव्हर्स तेच. हेड सुट्टी काढून केंब्रिजला येत, डोळे मिटून हात पुढे करत. रिव्हर्स कापसाचा बोळा, सुई, गरम-थंड पाण्याच्या नळ्या टेकवत आणि उत्तर बरोबर की चूक याचा पत्ता लागू देत नसत. बर्फ काचेवर किणकिणला तरी निकालात खोट येईल म्हणून तयारी आधीच करून ठेवावी लागे. चार वर्षांहून अधिक काळ हे चालले. प्रयोगाचे दिवस भरले १६७.

१६/
१९०८ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात या प्रयोगाचा शंभराहून अधिक पानांचा वृत्तांत आला. त्यातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण असे. मज्जातंतू कापल्यावर हाताच्या पाठीचा एक भाग कापसाला, सुईला, उष्णतेला बधिर झाला. काही आठवड्यांनी संवेदना परतू लागली, पण ती आधी रानटी रूपात परतली. सुई टोचली की वेदना नेहमीपेक्षा तीव्र, पसरट, कुठून आली ते न कळणारी. हातावरचा केस ओढला तरी ती नकोशी लहर दूरवर जाई. नाजूक स्पर्श, ऊब आणि उष्णता यांतला फरक, दोन टोकांमधले अंतर, या गोष्टी यायला एक वर्षाहून जास्त काळ लागला; आणि त्या आल्या तसतशी ती रानटी वेदना माघारली.

१७/
हेड यांनी यातून दोन वेगवेगळ्या संस्थांचा सिद्धांत उभा केला : खाली एक आदिम, ओबडधोबड संवेदना आणि वर तिला ताब्यात ठेवणारी उत्क्रांत, विवेकी संवेदना. साम्राज्याच्या ऐन भरातील इंग्लंडमध्ये, मानववंशशास्त्रज्ञाच्या साहाय्याने मांडलेल्या या चित्रात त्या काळच्या ‘रानटी’ आणि ‘सुसंस्कृत’ या उतरंडीची सावली दिसते. हा योगायोग मानणे कठीण आहे. सिद्धांत फार काळ टिकला नाही. १९०९ मध्ये ट्रॉटर आणि डेव्हिस यांनीही स्वतःच्याच त्वचेचे मज्जातंतू कापून घेतले आणि हेड यांच्या संस्था त्यांना सापडल्या नाहीत. एकाच माणसाच्या एका हातावर केवढी इमारत उभारायची, हा आक्षेप रास्त होता. पण निरीक्षणाचा एक तुकडा पक्का राहिला : बरा होत असलेला मज्जातंतू साधा स्पर्शही असह्य करू शकतो, आणि नाजूक स्पर्शाची वाट शाबूत असेल तर ती वेदनेला आवर घालते.

१८/
दोन महायुद्धांनी टर्नर्स लेनचे रुग्ण पुन्हा जन्माला घातले. पहिल्या युद्धात फ्रेंच शल्यविशारद रने लेरिश यांनी कॉझाल्जियाच्या रुग्णांत रक्तवाहिन्यांभोवतीच्या अनुकंपी मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया केल्या. १९३७ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी ठामपणे लिहिले की जुनाट वेदना हे कशाचे तरी लक्षण उरत नाही, ती स्वतःच एक आजार होते. दुसऱ्या युद्धाच्या सुमारास अमेरिकेत विल्यम लिव्हिंगस्टन यांनी म्हटले की मज्जारज्जूतच एक दुष्टचक्र सुरू होते आणि मूळ जखम बरी झाल्यावरही ते फिरत राहते. दोघांनाही पुरावा कमी आणि रुग्ण फार होते.

१९/
त्याच काळात मज्जातंतूंचे वेग मोजता येऊ लागले. (एर्लांगर आणि गॅसर यांना १९४४ चे नोबेल यासाठीच मिळाले.) नाजूक स्पर्श वाहणारे जाड तंतू सेकंदाला कित्येक दशक मीटर वेगाने निरोप नेतात, ठणका आणि जळजळ वाहणारे सर्वांत बारीक तंतू सेकंदाला जेमतेम एखादा मीटर. पायाचे बोट उंबऱ्याला ठेचकाळले की आधी झटका आणि मग क्षणभराने कळ येते, ती दोन वेगवेगळ्या वाटांनी आलेली असते.

२०/
नोव्हेंबर १९६५ मध्ये रॉनल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात या दोन वाटांची गाठ घातली. मज्जारज्जूच्या मागील भागात जणू एक दरवाजा आहे. बारीक तंतूंचा निरोप तो उघडतो, जाड तंतूंचा निरोप तो लोटतो, आणि मेंदूही वरून हुकूम पाठवून तो हवा तसा करू शकतो. ठेच लागली की माणूस बोट चोळतो, आई मुलाचा भाजलेला हात धरून फुंकर घालते, त्यामागे हेच तत्त्व आहे. या सिद्धांताच्या आराखड्यातील काही जोडण्या पुढे चुकीच्या ठरल्या. पण घंटेची दोरी कायमची गेली. त्वचेचा निरोप वर पोचण्यापूर्वी वाटेतच तोलला जातो, हे मान्य झाले.

२१/
मेल्झॅक यांचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे, पण त्याची चर्चा कमी होते. १९७५ मध्ये त्यांनी वेदनेची प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत मांडलेले होते, आणि रुग्णाने आपल्या वेदनेला लागू पडणारा शब्द निवडायचा होता. ज्या रुग्णांच्या बोलण्यावर हेड यांचा भरवसा नव्हता, त्यांचेच शब्द आता मोजमापाचे साधन झाले. मराठी माणसाला यात नवल वाटू नये : कळ, ठणका, सणक, चमक, आग, शूळ यांतला फरक आजीला कोणत्याही प्रश्नावलीशिवाय कळत असतो.

२२/
तरीही वर्तमानपत्राचा खडखडाट आणि वाऱ्याची झुळूक यांचे कोडे उरले होते. दरवाजा लोटणाऱ्या स्पर्शानेच वेदना का उसळावी? १९८३ मध्ये वॉल यांच्याच विभागात काम करणाऱ्या क्लिफर्ड वुल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून उत्तराचा मोठा भाग दिला. इजेच्या निरोपांचा मारा झाला की मज्जारज्जूतील चेतापेशींचा स्वभावच बदलतो. त्या थोडक्या कारणाने पेटतात, त्यांची हद्द रुंदावते, आणि जाड तंतूंनी आणलेला निरुपद्रवी स्पर्श वेदनेच्या खात्यात जमा होऊ लागतो. त्वचेत आता काही बिघडलेले असण्याची गरज नसते. टर्नर्स लेनच्या सैनिकाची तक्रार शब्दशः खरी होती.

२३/
याच्या पुढची कडी रेणूंची. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने मज्जातंतूच्या टोकावरील असे प्रथिन शोधले की जे भाजणाऱ्या उष्णतेने उघडते आणि मिरचीतील कॅप्सेसिननेही. मिरचीने तोंड ‘भाजते’ ही निव्वळ उपमा नाही. २०१० मध्ये आर्डेम पॅटापूटियन यांच्या गटाला दाबाने उघडणारी प्रथिने सापडली. त्यांतले एक नाजूक स्पर्शाचे मुख्य साधन ठरले. दोघांना २०२१ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले.

२४/
आणि दुसरा प्रश्न, विश्वासाचा? वेदनेच्या अभ्यासासाठी १९७० च्या दशकात स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ मध्ये वेदनेची व्याख्या केली. प्रत्यक्ष इजा नसतानाही वेदना असू शकते, हे त्या व्याख्येने मान्य केले. २०२० मध्ये ती सुधारताना सोबतच्या टिपणांत एक वाक्य आले : माणूस आपल्या अनुभवाला वेदना म्हणत असेल तर त्याच्या सांगण्याचा आदर व्हावा. त्यासाठी चकचकीत त्वचेची अट नाही. कॉझाल्जिया हे नाव १९९४ मध्ये मागे पडले आणि त्याची जागा ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’च्या दुसऱ्या प्रकाराने घेतली.

२५/
जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची अकरावी वर्गवारी जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात दीर्घकालीन वेदनेला प्रथमच स्वतंत्र घर मिळाले, आणि त्यात कारण सापडो न सापडो, वेदना हाच आजार मानणारा एक वर्गही आहे. लेरिश यांनी हे लिहिले त्याला तेव्हा ८५ वर्षे झाली होती.